स्लाउच म्हणजे नुसतं पोक काढणं का?

ओळीमागून_ओळ

एका इंग्रजी मजकुराचं मराठी करताना 'स्लाउच' हा शब्द चार ठिकाणी आला आहे, आणि चारही ठिकाणी एकच मराठी शब्द बसत नाही. कोशात 'वाकून बसणे, खांदे पाडून चालणे, आळशी माणूस' एवढंच मिळतं. वाक्यांचा आशय साधारण असा:

१. मुलगा खुर्चीत स्लाउच होऊन बसला आहे, पाय पुढच्या खुर्चीखाली गेलेत.
२. कारकून टेबलावर स्लाउच होऊन आकडे उतरवतो आहे.
३. बोलणी खाऊन तो खोलीतून स्लाउच करत बाहेर पडला.
४. गणितात ती 'नो स्लाउच' आहे.

शिवाय एका पात्राच्या डोक्यावर स्लाउच हॅट आहे. पहिल्या तिन्ही ठिकाणी 'पोक काढून' लिहिलं तर पहिलं वाक्य खटकतं आणि तिसरं तर हास्यास्पद होतं. चौथ्यात आळशी असण्याचा काही संबंध दिसत नाही. या शब्दाचा नेमका आवाका किती? आणि उच्चार स्लाउच, स्लौच की स्लच?

शब्दखुळा

उच्चारापासून सुरुवात करतो, कारण ते लवकर आटपेल. काउच, पाउच, क्राउच यांच्याशी यमक जुळतं, म्हणून स्लाउच. 'स्लच' हा उच्चार 'टच'च्या स्पेलिंगमुळे येतो. तिथेही शेवटची चार अक्षरं हीच आहेत, पण टच हा त्या कुटुंबातला अपवाद आहे. दुसरा गोंधळ 'स्लफ'शी होतो. ज्याचा अर्थ कात टाकणे, तो स्लफ आणि ज्याचा अर्थ दलदल, तो स्लाउ (अमेरिकेत बहुधा स्लू) हे दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहितात आणि त्यात शेवटी 'जीएच' असतं. स्लाउचशी त्यांचं नातं नाही.

आता अर्थ. हा शब्द आधी माणसाला लावायचं नाम होता, मग क्रियापद झाला. १६व्या शतकात स्लाउच म्हणजे आळशी, गबाळा, अडाणी गडी. मूळ बहुधा स्कँडिनेव्हियन. जुन्या नॉर्समध्ये आळशी माणसाला उद्देशून जवळचा शब्द आहे. खांदे आणि मान पाडून चालण्या-बसण्याचा अर्थ १८व्या शतकात रुळला. म्हणजे शरीराची ठेवण नंतर आली, स्वभावाची शेरेबाजी आधी. म्हणूनच आजही कुणाला 'स्लाउच करतोयस' म्हटलं की त्यात नुसतं वर्णन नसतं, थोडी टोचणी असते. 'पोक काढून बसू नकोस'मध्येही टोचणी आहे, पण ती पाठीबद्दल आहे. इंग्रजीतली टोचणी वृत्तीबद्दलही असते.

तुमच्या पहिल्या तीन वाक्यांसाठी एक सोपी खूण: क्रियापदापुढचा छोटा शब्द बघा. मूळ इंग्रजीत पहिल्यात 'इन', दुसऱ्यात 'ओव्हर', तिसऱ्यात 'आउट' किंवा 'ऑफ' असणार. 'इन' असेल तर माणूस खुर्चीत खाली घसरलेला आहे. 'ओव्हर' असेल तर तो कशावर तरी पुढे वाकलेला आहे. 'अगेन्स्ट' असेल तर भिंतीला किंवा खांबाला सैल टेकलेला. 'ऑफ', 'आउट', 'अलाँग' असेल तर चाल आहे. क्रियापद बहुतेक वेळा अकर्मक असतं. सकर्मक वापर फारसा दिसत नाही, दिसलाच तर खांदे पाडणे किंवा टोपी डोळ्यांवर ओढणे अशा ठिकाणी.

कणा_आणि_कंबर

शब्दखुळा यांची 'इन' आणि 'ओव्हर'ची खूण शरीरशास्त्राच्या बाजूनेही खरी ठरते. इंग्रजीत स्लाउच या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या बैठका येतात, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत. उलट मराठीच इथे जास्त काटेकोर आहे.

दोन्ही बैठकांत एक गोष्ट समान आहे: कटिभाग, म्हणजे कमरेखालचा खुब्यांचा हाडांचा सांगाडा, मागे कलंडतो. ताठ बसल्यावर वजन बैठकीच्या दोन हाडांवर असतं आणि कमरेला आत जाणारा नैसर्गिक बाक असतो. कटिभाग मागे कलंडला की वजन माकडहाडाकडे सरकतं आणि कमरेचा बाक सपाट होतो किंवा उलटा फुगतो. पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. खालच्या ५ मणक्यांनी आपला बाक सोडला की वरच्या १२ना जास्त वाकावं लागतं. मग डोळे समोर राहावेत म्हणून मान पुढे जाते आणि हनुवटी वर होते. इमारतीच्या पायात चूक झाली की वरचं सगळं बदलतं, तसं हे आहे.

इथून पुढे दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेत धड पुढे जातं. पाठ गोल, खांदे पुढे, छाती आत. पाठीला आधार नसतो. हे 'पोक काढणं'. तुमचा कारकून.

दुसऱ्या वाटेत नितंब पुढे सरकतात, पाठीचा वरचा भाग खुर्चीच्या पाठीला टेकलेला राहतो आणि मधे कमरेखाली पोकळी राहते. डोकं मागच्या आधाराच्या वरच्या कडेशी येतं, पाय लांब जातात. हे पोक काढणं नव्हे, हे 'खुर्चीत घसरून बसणं'. तुमचा मुलगा. पुढच्या खुर्चीखाली पाय गेलेत, ही खूण पुरेशी आहे, कारण पोक काढून बसणाऱ्याचे पाय सहसा आपल्याच खुर्चीखाली असतात.

अनुवाद करताना एवढंच विचारायचं: पाठ टेकलेली आहे का? टेकलेली असेल तर 'घसरून', 'पसरून', 'अंग टाकून'. टेकलेली नसेल तर 'पोक काढून', 'पाठ वाकवून'.

मुद्रितशोधक

कणा_आणि_कंबर यांचा प्रतिसाद आवडला, एका शब्दावर मात्र हरकत. 'अंग टाकून' हे स्लाउचपेक्षा स्लम्पला जास्त जवळचं आहे. अंग टाकणं ही घटना आहे, एका क्षणात होते. स्लाउच ही स्थिती आहे, ती चालू असते.

शेजारचे शब्द नीट वेगळे केले नाहीत तर अनुवादात सगळेच 'वाकून' बसतात. एकेक घेतो.

स्लम्प: आधार सुटल्यासारखं एकदम खाली येणं. मराठीत 'मटकन बसणं' इतका नेमका शब्द दुसरा नाही. बेशुद्ध पडलेला चालक स्टिअरिंगवर स्लम्प होतो, स्लाउच होत नाही. बाजार स्लम्प होतो, तिथे 'कोसळणं' किंवा 'घसरण'. एखाद्या खेळाडूची कामगिरी स्लम्पमध्ये जाते, तिथे 'ढेपाळणं'. यातल्या एकाही जागी स्लाउच चालत नाही.

हंच: खांदे वर, कानांकडे. थंडी, भीती किंवा एकाग्रता. 'अंग चोरून', 'खांदे आकसून'. स्लाउचमध्ये खांदे खाली पडतात, हंचमध्ये वर चढतात. हा फरक चित्रातही दिसतो. नाम म्हणून 'हंच'चा अर्थ अंदाज, मनाचा कौल, तो पूर्ण वेगळा.

स्टूप: कमरेतून किंवा वरच्या पाठीतून पुढे वाकणं. उंच माणूस दारातून जाताना स्टूप करतो, वय झालेल्या माणसाला स्टूप असतो. इथे आळसाचा सूर नाही. 'वाकणं', 'लवणं', 'पाठीला बाक येणं'. लाक्षणिक अर्थाने 'खालच्या थराला जाणं'.

ड्रूप: निर्जीवपणे खाली लोंबणं. पाणी नसलेली रोपं 'माना टाकतात', पापणी 'पडते', मिशा 'ओघळतात'. संपूर्ण माणसासाठी क्वचितच येतो, आणि आला तर थकवा किंवा उदासी.

सॅग: दोन टोकं धरलेली, मधे 'झोळ'. दोरी, गादी, छत.

लोल आणि स्प्रॉल: पहिल्यात 'रेलून लोळणं', दुसऱ्यात 'हातपाय पसरणं'. दोन्हींत आराम आहे. स्लाउचमध्ये आराम असेलच असं नाही.

क्राउच आणि स्क्वॉट इथे फक्त यमकामुळे किंवा गोंधळामुळे येतात: 'दबकून बसणं' आणि 'उकिडवं बसणं'. गुडघे पूर्ण दुमडून खाली बसलं की स्लाउचचा प्रश्नच मिटला.

वाळू_आणि_सिमेंट

अवांतर आहे, पण स्लम्प निघालाच आहे तर. काँक्रीटच्या स्लम्प टेस्टमध्ये हाच अर्थ मोजतात. ३०० मिमी उंचीचा, तळाला २०० मिमी आणि माथ्याला १०० मिमी व्यासाचा शंकू थराथराने भरायचा, प्रत्येक थराला १६ मिमी जाडीच्या सळईने २५ वेळा टोचायचं, माथा सपाट करायचा आणि साचा सरळ वर, न फिरवता, उचलायचा. ढीग जितका खाली बसला तितका स्लम्प. सगळीकडून सारखा बसला तर निकाल धरायचा. एका बाजूने कापल्यासारखा घसरला तर चाचणी पुन्हा. पूर्ण पसरला तर पाणी जास्त, किंवा मिश्रणच मुळात प्रवाही केलेलं.

साचा तिरका उचलला की हमखास बाजूला घसरतो आणि चूक मिश्रणाच्या नावावर जाते. मुद्दा असा की स्लम्प म्हणजे आधार काढून घेतल्यावर स्वतःच्या वजनाने बसणं. मटकन बसणाऱ्या माणसाचंही तेच होतं.

शब्दखुळा

वाळू_आणि_सिमेंट, अवांतर म्हणून माफी कसली, याहून चांगली व्याख्या कोशात नाही.

साधा_सरळ

एवढी चिरफाड कशाला? 'पोक काढणे' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. मुलगा खुर्चीत पोक काढून बसलाय म्हटलं तर वाचकाला काय कळणार नाही? प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या छटेमागे धावलं तर अनुवाद वाचवत नाही.

कणा_आणि_कंबर

कळेल, पण चुकीचं चित्र कळेल. पोक काढलेला मुलगा पुढे झुकलेला दिसतो, म्हणजे वहीकडे. खुर्चीत घसरलेला मुलगा शिक्षकांपासून लांब गेलेला दिसतो. पहिला कष्टाळूही असू शकतो, दुसरा नक्कीच बेफिकीर दिसतो. वर्णन कशासाठी केलं आहे तेच उलटं होईल.

आणि दोन्ही बैठका शरीरालाही सारख्या नाहीत. मणक्यांमधल्या चकतीवर किती दाब येतो हे १९६०च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून मोजलं. त्यात आधाराशिवाय बसल्यावर उभं राहण्यापेक्षा दाब जास्त निघाला आणि 'बसणं वाईट' ही समजूत पक्की झाली. १९९९मध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून पुन्हा मोजमाप केलं. उभं असताना साधारण ०.५ मेगापास्कल, आधाराशिवाय सैल बसल्यावर जवळपास तेवढाच किंवा थोडा कमी. पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८च्या पुढे. आणि खुर्चीच्या पाठीला टेकून घसरून बसल्यावर ०.३च्या आसपास. म्हणजे एक स्लाउच उभं राहण्यापेक्षा जड, दुसरा हलका. हे मोजमाप एकाच माणसावर झालेलं आहे, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ती मराठीच्या बाजूची आहे.

घसरून बसणं म्हणून चांगलं, असंही नाही. चकतीवर दाब कमी असला तरी कमरेखालच्या पोकळीत मागचे अस्थिबंध ताणलेले राहतात, मान पुढे दुमडलेली राहते. पाच मिनिटं ठीक, दोन तासांनी उठताना कंबर धरते.

साधा_सरळ

ठीक, मुलाच्या बाबतीत माघार. पण मग पोक आणि कुबड यात फरक काय? बऱ्याच ठिकाणी स्लाउचचं भाषांतर 'कुबड काढून' असंही दिसतं.

कणा_आणि_कंबर

ते नुसतं चुकीचं नाही, थोडं निर्दयीही आहे. स्लाउच ही सवय आहे, सांगितल्यावर सरळ होते. कुबड ही हाडांची रचना आहे, सांगून सरळ होत नाही. 'पोक' मधे कुठेतरी आहे: 'पोक काढणं' ही सवय आणि 'पोक येणं' ही कायमची अवस्था. मराठीत क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. इथे 'काढणं' आणि 'येणं' यांची अदलाबदल करू नये.

वैद्यकीय मजकुरात हा फरक अर्थासाठी महत्त्वाचा आहे. छातीच्या मागच्या भागात २० ते ४० अंशांचा बाक प्रत्येकाला असतोच. तो बराच वाढला तर कायफोसिस म्हणतात. वाढलेला बाक सवयीचा आहे की हाडाचा, हे घरीही ढोबळमानाने कळतं: पालथं झोपून डोकं आणि खांदे थोडे उचलायचे. पाठ सपाट झाली तर सवय. बाक तसाच राहिला तर क्ष-किरण. किशोरवयात दिसणाऱ्या शॉयरमान विकारात लागोपाठ तीन मणके प्रत्येकी किमान ५ अंश पाचरीसारखे झालेले दिसतात. अशा मुलाला 'नीट बस' सांगणं निरर्थक आहे. तिथे 'स्लाउच' शब्दही वापरू नये, 'बाक' म्हणावं.

दुसरी साधी पडताळणी भिंतीची. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवून समोर बघायचं. हनुवटी वर न करता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागली पाहिजे. लागत नसेल तर बोटांनी अंतर मोजून ठेवायचं. बहुतेक जण इथे हनुवटी उचलून डोकं टेकवतात आणि परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं, तीच चूक.

ओळीमागून_ओळ

फार उपयोगी. मजकुरात पुढे एके ठिकाणी फिजिओथेरपीचा भाग आहे, त्यात 'स्लम्प टेस्ट' आणि 'स्लाउच-ओव्हरकरेक्ट' हे दोन्ही शब्द येतात. हे एकच का? दोन्हींचं 'पोक चाचणी' केलं तर चालेल?

कणा_आणि_कंबर

अजिबात नाही. पहिली चाचणी आहे, दुसरा व्यायाम.

स्लम्प टेस्ट पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठी, म्हणजे सायटिकासारख्या तक्रारीत करतात. रुग्ण टेबलाच्या कडेवर बसतो, हात पाठीमागे. मग एकेक पायरी वाढवतात: पाठ आणि कंबर ढेपाळू द्यायची, हनुवटी छातीला, एक गुडघा सरळ, शेवटी पाऊल स्वतःकडे. दुखलं की थांबायचं आणि फक्त मान वर करायची. मान उचलल्यावर पायातलं दुखणं कमी झालं तर मज्जातंतूंच्या ताणाची शंका धरतात. कारण पाय तर हललाच नाही, हलली फक्त मान. नुसती मांडीमागची ओढ बहुतेकांना जाणवते, तेवढ्यावर चाचणी होकारार्थी धरायची नाही. इथे 'स्लम्प चाचणी' असंच ठेवा. तज्ज्ञ तेच म्हणतात आणि 'पोक चाचणी' म्हटल्यावर लोक पोक तपासत बसतील.

स्लाउच-ओव्हरकरेक्ट न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीतला आहे. पाठ न टेकता स्टुलावर बसायचं. आधी पूर्ण ढिलं होऊन पोक काढायचं. मग कंबर जमेल तितकी आत घेऊन टोकापर्यंत ताठ व्हायचं. पुन्हा ढिलं. असं लयीत १० ते १५ वेळा, दिवसातून तीनदा. सगळ्यात शेवटी टोकाच्या ताठ अवस्थेतून साधारण १० टक्के सैल व्हायचं. तिथे जी बैठक सापडते ती धरायची. चूक होते ती अशी की लोक कमरेऐवजी छाती पुढे काढतात आणि खांदे मागे खेचतात. हालचाल कटिभागापासून सुरू झाली पाहिजे. करताना दुखणं कमरेतून पायाकडे पसरत गेलं तर थांबायचं आणि दाखवायचं.

इथे मराठीत मी 'पोक काढा, मग कमानीइतकं ताठ व्हा' असं क्रियापदांनी लिहीन. नाव द्यायचंच तर 'पोक–ताठ व्यायाम'.

मुद्रितशोधक

'पोक–ताठ' छान आहे. 'ताठ' शब्दाची एक गंमत नोंदवतो. मराठीत 'ताठ' बसणं चांगलं, पण 'ताठा' वाईट. इंग्रजीत उलट बाजूला तसं आहे: स्लाउचमध्ये आळसाचा डाग, पण कपड्यांत गेला की तोच शब्द कौतुकाचा.

टाके_उलटसुलट

हो, कपड्यांचं मी सांगते. 'स्लाउची' हे विशेषण फॅशनच्या मजकुरात आलं तर 'आळशी', 'गबाळा' असं काहीही करू नका. मुद्दाम ठेवलेला सैलपणा असा अर्थ आहे. स्वेटर असेल तर 'ढगळ', खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. बूट असतील तर वरची नळी ताठ उभी न राहता 'चुण्या पडून खाली बसलेली'. पिशवी असेल तर रिकामी असताना 'मऊ पडणारी', आत पुठ्ठा किंवा कडक अस्तर नसलेली. टोपी असेल तर 'मागे लोंबणारी'.

टोपीच्या विणकामात हा शब्द मापाचा आहे, म्हणून नीट पाहावा लागतो. डोक्याला घट्ट बसणारी मोठ्यांची लोकरी टोपी कडेपासून माथ्यापर्यंत २० ते २२ सेमी. स्लाउची म्हटलं की २५ ते २८ सेमी. पण नुसती उंची वाढवली तर टोपी लोंबत नाही, शंकूसारखी उभी राहते. म्हणून काठाची उलट-सुलट वीण बारीक सुयांवर घट्ट ठेवायची, आणि काठ संपल्यावर लगेच एका ओळीत १० ते २० टक्के टाके वाढवून जाड सुयांवर जायचं. १०० टाक्यांचा काठ असेल तर ११० ते १२०. काठ सैल राहिला तर अख्खी टोपी डोळ्यांवर येते. लोकर जाड आणि पीळदार असली तर पडतच नाही. अशा सूचनांच्या अनुवादात 'ढिली टोपी' लिहिलं की विणणारी काठही ढिला करते. 'मागे लोंबती टोपी' लिहा.

शब्दखुळा

स्लाउच हॅटचं मात्र वेगळं. ती मऊ फेल्टची, रुंद कडेची टोपी. झुकणारी आहे ती कड, टोपीचा घेर नव्हे. ऑस्ट्रेलियन सैन्याशी ती इतकी जोडली गेली आहे की संदर्भ नसला तरी वाचक तिकडेच जातो. व्हिक्टोरिया वसाहतीच्या माउंटेड रायफल्स पथकात ती १८८५मध्ये आली. तिच्या ओळखीच्या रूपात डावी कड वर वळवून टाचलेली असते, म्हणजे खांद्यावर घेतलेल्या बंदुकीला ती अडत नाही. विनोद असा की नाव झुकलेल्या कडेचं आणि ओळख वर वळवलेल्या कडेची.

तुमचं पात्र सैनिक असेल तर 'स्लाउच हॅट' तसंच ठेवून एकदा 'एका बाजूने कड वळवलेली' असं जोडा. साधा प्रवासी असेल तर 'कड झुकलेली फेल्ट हॅट' एवढं पुरे.

आता तुमचं चौथं वाक्य. 'नो स्लाउच' हा वाक्प्रचार अमेरिकेतून आला, १९व्या शतकात. इथे स्लाउच म्हणजे जुना अर्थ, कामाला नालायक माणूस. तो आता जवळजवळ फक्त नकारातच जिवंत आहे. 'ही इज अ स्लाउच ॲट चेस' असं आज कुणी म्हणत नाही, 'नो स्लाउच' सगळे म्हणतात. पुढे कौशल्य असेल तर 'ॲट', क्षेत्र असेल तर 'इन', लांबण असेल तर 'व्हेन इट कम्स टू'.

सूर मोजूनमापून आहे. 'अतिशय हुशार' हा अर्थ आहे, पण म्हणायची रीत कमी सांगण्याची. त्यामुळे मराठीतही नकार ठेवला तर रंग राहतो: 'गणितात ती काही कच्ची नाही', 'गणितात ती कुणाला हार जाणारी नाही'. यंत्रालाही लागतो: गाडी 'नो स्लाउच' म्हणजे 'पळायला काही कमी नाही'.

साधा_सरळ

'कच्च्या गुरूची चेली नाही' चालेल का?

शब्दखुळा

त्यात डावपेच, बेरकीपणा येतो. व्यवहारात कुणी फसवायला निघालं असेल तर चालेल. गणिताला 'कच्ची नाही' बरं.

मुद्रितशोधक

तिसरं वाक्य राहिलं. 'स्लाउच आउट' म्हणजे खांदे पडलेले, पाय उचलले जात नाहीत, नजर खाली. मराठीत 'पाय ओढत' म्हटलं की बाकी सगळं आपोआप येतं. 'खांदे पाडून, पाय ओढत' असं दोन्ही दिलं तरी जड होत नाही. 'रेंगाळत' नको, रेंगाळणाऱ्याला जायचं नसतं. याला जायचंच आहे, फक्त अंगात त्राण नाही किंवा दाखवायचं नाही.

नवशिका_००

सध्या बोलताना 'स्लाउच करू नकोस' आणि 'स्लाउच होतोय' दोन्ही ऐकू येतं. बरोबर कोणतं?

मुद्रितशोधक

दोन्ही, पण जागा वेगळ्या. आज्ञा किंवा मनाई असेल तिथे 'करणे', कारण त्यात माणसाचा हात आहे. नकळत घडत असेल तिथे 'होणे': 'दुपारनंतर आपोआप स्लाउच व्हायला होतं'. लेखी मराठीत मात्र दोन्ही टाळता येतात. 'पोक काढू नकोस' आणि 'पाठ आपोआप वाकते' हे कुणालाही अडत नाही.

नवशिका_००

आणि ते का होतं? खुर्चीमुळे की सवयीमुळे?

कणा_आणि_कंबर

बऱ्याच वेळा खुर्चीच्या खोलीमुळे. मागे टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. बैठक त्याहून खोल असेल तर कड पोटरीला रुतते, म्हणून माणूस पुढे सरकतो आणि पाठ टेकवायला मागे लवंडतो. झालं घसरणं. कमरेमागे घट्ट उशी ठेवून खोली कमी करायची. बैठक उंच असेल आणि पाय लोंबत असतील तरीही तेच, मग पायाखाली पाट.

पुढे वाकण्याचं कारण बहुतेकदा पडदा. लॅपटॉपमध्ये कळफलक आणि पडदा जोडलेले असतात, त्यामुळे हात बरोबर ठेवले तर मान खाली आणि मान बरोबर ठेवली तर हात वर. लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कळफलक जोडणं एवढाच उपाय. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. दुहेरी चष्मा असेल तर थोडी खाली, नाहीतर हनुवटी वर जाते.

बाजूने फोटो काढून ओळंबा लावा: उभं असताना कान, खांद्याचं टोक, खुब्याचं हाड, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढे, घोट्याच्या थोडं पुढे. कान ओळंब्याच्या पुढे गेला की खालून शोधत यायचं, मानेपासून सुरुवात करायची नाही. आणि दर अर्ध्या तासाने उठलात तर घसरून बसल्याचंही फार बिघडत नाही. एकच बैठक, कितीही सुबक असली तरी, तासन्‌तास धरली की दुखतेच.

ओळीमागून_ओळ

सगळ्यांचे आभार. आता असं झालं आहे:

१. मुलगा खुर्चीत घसरून बसला होता, पाय पुढच्या खुर्चीखाली.
२. कारकून टेबलावर पोक काढून आकडे उतरवत होता.
३. खांदे पाडून, पाय ओढत तो बाहेर पडला.
४. गणितात ती काही कच्ची नव्हती.

मुद्रितशोधक

दुसऱ्यात 'टेबलावर पोक काढून' म्हणजे तो टेबलावर चढून बसल्यासारखं वाटतं. 'टेबलाशी पोक काढून' करा.

ओळीमागून_ओळ

केलं.